कलम चार: विसरले जाण्याचा हक्क

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत आवक टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे पोटकलम म्हणत. रजेच्या अर्जातसुद्धा ते 'कारण एक (अ): डोकेदुखी, एक (ब): तीच, पण वाढलेली' असं लिहीत, म्हणून. बावीस वर्षांत कचेरीतल्या एकाही समारंभात त्यांना आभार मानायलाही कोणी उभं केलं नव्हतं. आणि परवा सूचनाफलकावर, वादविवादाच्या यादीत, चक्क त्यांचं नाव! विषय होता, 'इंटरनेट वापरणाऱ्यांना कायद्याने हक्क हवेत का?' पोटकलम बाजूने बोलणार होते. सोमवारी तीन वाजता, खुद्द मोठ्या साहेबांसमोर.

रविवारी सकाळी भाषण तयार झालं (चौदा पानं, फोनवर, एका बोटाने), घरच्या सामायिक ऑनलाइन खात्यात जपून ठेवलं गेलं, आणि त्याच उत्साहात पोटकलमांनी एक छोटासा निर्णय घेतला. जे जगाला सांगायचं, ते आधी घरात लागू करायचं.

निमित्त तयारच होतं. ते खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, असा फोटो सासूबाईंनी आदल्या दिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'जावईबापू विचारात मग्न.' अकरा नातेवाइकांनी त्यावर हसून घेतलं होतं. त्यातले दोन तर पोटकलमांना ओळखतही नव्हते.

जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली.

"कलम एक," पोटकलम उभे राहून म्हणाले, "विचारल्याशिवाय कोणाचा फोटो कुठेही टाकायचा नाही. कलम दोन, लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. कलम तीन, ग्रुपमधून काढण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि कलम चार, विसरले जाण्याचा हक्क! माणसाने मागणी केली, की त्याची सगळी माहिती पुसून टाकायची."

"अहो, फोटो नको तर आईला तसं सांगा की," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "एवढ्यासाठी कायदा?"

"सांगून मिळते ती मेहेरबानी! हक्क न सांगता मिळायला हवा!" (हे वाक्य भाषणाच्या सहाव्या पानावर होतं.)

"मला ते चौथं आवडलं बाई," सासूबाई म्हणाल्या. "कोण मागतंय ते?"

"मी!"

"बाबा, अंमलबजावणी माझ्याकडे," कॉलेजातली मुलगी लगेच म्हणाली. घरातल्या सगळ्या यंत्रांचा कारभार तिच्याच हातात होता.

चौघांच्या सह्या झाल्या. सासूबाईंनी तर दोनदा केली, शंका नको म्हणून.

सोमवारी सकाळी पोटकलम स्वयंपाकघरात आले, तर टेबलावर चहाचे तीनच कप.

"माझा चहा?"

"हे गृहस्थ कोण गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"होते कोणीतरी आपल्याकडे," बायको म्हणाली. "नीट आठवत नाही."

पोटकलम अर्धं मिनिट मनापासून हसले. मग भाषणावर एक नजर टाकावी म्हणून त्यांनी फोन पुढे केला. फोनचं कुलूप उघडायचा आकडा त्यांच्या कधीच लक्षात राहत नसे. तो बायकोच्या डोक्यात असे.

"उघडून दे जरा."

"कलम दोन. लेखी परवानगी?"

त्यांनी ती घाईघाईने लिहून दिली. बायकोने वाचली आणि परत केली. "तारीख नाही."

(याच कारणावरून पोटकलमांनी आजवर किती माणसांना अर्ज परत करून कचेरीचा जिना उतरायला लावलं होतं, ते त्यांचं त्यांना माहीत.) दुसरा अर्ज मंजूर झाला. फोन उघडला. खातं उघडलं. भाषण नव्हतं.

"माझं भाषण कुठाय?"

"कलम चार, बाबा!" मुलगी अभिमानाने म्हणाली. "तुमचं नाव जिथे दिसलं, ते सगळं पुसलं. कायमचं."

"अगं, पण भाषणात..."

"पहिल्याच ओळीत होतं. मग मध्ये अकरा वेळा."

तीन वाजता पोटकलम माइकसमोर उभे राहिले. सभागृह भरलेलं, साहेब पहिल्या रांगेत, आणि डोक्यात चौदापैकी एकही पान नाही. आठवत होता तो फक्त घरातला कालपासूनचा गोंधळ. त्यांनी तोच सांगायला घेतला. उघडं तोंड, चार कलमं, तीन कप, राहिलेली तारीख! बोलता बोलता त्यांना असा काही जोर चढला की टेबलावरचा पाण्याचा ग्लास दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा सांडला. लोक पोट धरून हसत होते. साहेब रुमालाने डोळे पुसत होते. नऊ मिनिटांनी पोटकलम गरजले, "म्हणून हक्क हवेतच!" टाळ्यांच्या कडकडाटात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

साहेबांनी निकाल वाचला. "सर्वोत्कृष्ट वक्ता, विरोधी बाजू, आपले पोटकलम! असा कायदा आणला तर काय दैना होते, हे इतकं पटवून कोणीच सांगितलं नाही."

"साहेब, मी बाजूने..."

"बघा! अजून विनोद चालूच आहे!" सभागृह पुन्हा हसलं.

बाहेर येऊन त्यांनी कचेरीच्या फोनवरून बायकोला फोन लावला. "पहिलं बक्षीस मिळालं."

"अगं बाई! कशाबद्दल?"

"हक्कांसाठी कायदा नको," पोटकलम हळूच म्हणाले, "हे पटवून दिल्याबद्दल."

"मग मी काल दुसरं काय सांगत होते?" बायको म्हणाली. "तेव्हाच ऐकलं असतंत, तर चौदा पानं टंकायची वाचली असती."