माड नसलेली विलायत

"बारिस्टर होऊनच बेळगावात पाय ठेवीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही!"

अनगोळच्या हरिभाऊ मास्तरांच्या रघुवीरनं ही प्रतिज्ञा बेळगाव स्टेशनच्या फलाटावर केली, तीही ट्रंकेवर उभं राहून! चौतीस साल होतं. गळ्यात हार इतके, की मान वळवायची सोय नव्हती. अख्खी गल्ली पोचवायला आलेली. हरिभाऊ म्हणजे मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. खोटं बोलणाऱ्या पोराला तास संपेपर्यंत अंगठे धरून उभं करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनीही उपरण्यानं डोळे पुसले. धाकट्या बहिणीचं पाळण्यातलं नाव विद्युल्लता, पण एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला परवडतंय? ती बेबीच. दोघंच भावंडं. गाडी सुटेपर्यंत बेबीनं दादाचा हात सोडला नाही.

आणि तुम्हाला सांगतो, रघुवीरचं विलायतेचं शिक्षण मुंबईच्या गोदीतच आटोपलं! बोटीच्या गोऱ्या डॉक्टरनं त्याच्या पापण्या उलट्या करून बघितल्या आणि मान हलवली. डोळ्यांत खुपऱ्या! असले डोळे घेऊन बोटीवर चढता येत नाही. सामान खाली!

आता ज्याला गल्लीनं हार घालून पोचवलंय, त्यानं आठवड्यात परत येऊन "खुपऱ्या निघाल्या हो" म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडानं? रघुवीरला काही ते जमेना. तो सरळ पणजीच्या आगबोटीत जाऊन बसला. गोवा म्हणजे पोर्तुगिजांचा मुलूख. म्हणजे परदेशच की! परदेशी जातो म्हणालो होतो, चाललोय. अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि मग कठड्याला टेकून लहान पोरासारखा रडला.

तिथंच त्याला कायतान भेटला. हा गोव्याचा, विलायतेच्या जहाजावर खानसामा. सुटीवर घरी निघालेला. स्वयंपाकापेक्षा विकण्यात जास्त हुशार. रघुवीरची सगळी कहाणी त्यानं ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"पात्रांव, बारिस्टर व्हायला कोण सांगतंय तुला? बारिस्टर दिसलं की पुरे!"

असं म्हणून त्यानं पेटी उघडली. आत कॅमेरा! पुढं चामडी भाता, खाली तीन पायांचं तिकाटणं, डोक्यावर घ्यायला काळं फडकं, काचेच्या प्लेटी, आणि सगळ्यांत नामी चीज म्हणजे एक लांबलचक रबरी नळी. नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की तिकडं झाप उघडून फोटो निघायचा. म्हणजे आपला फोटो आपणच काढायचा!

"कोट घालून चर्चपुढं उभा राहा. लंडन का पणजी, तुझ्या घरच्यांना काय कळतंय? पाकीट मी लंडनात टपालात टाकतो."

तिकिटाचे परत मिळालेले पैसे कॅमेऱ्यात गेले. उरले त्यात कायताननं आपला लोकरीचा ओव्हरकोट गळ्यात मारला. प्लेटी धुवायलाही त्यानंच शिकवलं, स्वतःच्या न्हाणीघरात.

आता फक्त जागा शोधायची राहिली होती. वाटलं सोपं! गोव्यात विलायत जागोजाग आहे हो. पांढरी चर्चं, लोखंडी सज्जे, दिव्यांचे खांब. पण एकही चर्च असं नाही की ज्याच्या मागनं माड डोकावत नाही! माड चुकवावा तर मधे डुक्कर येतंय. डुक्कर हाकलावं तर मासळीची पाटी घेऊन कोळीण समोर उभी. "बाब, किदें करता रे?" विलायतेत काय माड आहेत? कोळणी आहेत? रघुवीर तिकाटणं खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडला. लोकांना वाटलं, जमीन मोजणीचा माणूस आला. दोघा-तिघांनी तर आपल्या कुंपणाच्या तक्रारीसुद्धा सांगितल्या!

शेवटी एका जुन्या गल्लीत जागा सापडली. पिवळी भिंत, दिव्याचा खांब, आणि माडाचं नाव नाही. वैशाखातली दुपार. रघुवीरनं ओव्हरकोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि फुगा बुटाखाली धरला. घामाच्या धारा लागल्या. चेहऱ्यावर थंडी आणायची म्हणून दात वाजवायला लागला, तर खिडकीतनं एक म्हातारी ओरडली, याला हिवताप भरलाय! चार माणसं धावत आली, काढ्याचा पेला तोंडाला लावला. तो कडूजहर काढा घशाखाली जाताना बूट दाबला गेला आणि फोटो निघाला.

सोबत चिठ्ठी. "ती. आप्पांस सा. न. इकडे थंडी मरणाची आहे. कपाळावर दिसते ते धुके."

पणजीहून कणकुंबीचा घाट चढला की आलं बेळगाव. पण तो फोटो कायतानच्या पेटीतनं लंडनला गेला, तिथं राजाच्या डोक्याचं तिकीट लावून घेतलं आणि तेवढाच समुद्र पुन्हा ओलांडून अनगोळला आला!

मग काय, चटकच लागली; कायतान किंवा त्याचा कुणी जोडीदार जहाजावर निघाला की एक पाकीट बरोबर. मांडवीच्या काठाला 'थेम्सच्या तीरी'. जकात कचेरीपुढं 'आमचे कायद्याचे कॉलेज'. पोटासाठी रघुवीर गोवेकरांची लग्नं, बारशी, मयतं टिपायला लागला. हात चांगला बसला, दाढी वाढली. मात्र संध्याकाळी भात ढवळताना घरची आठवण आली की घास उतरायचा नाही. फोटोत तो हसायचा, एवढंच.

वर्ष उलटलं. एके दिवशी पणजीच्या बाजाराबाहेर तो कोट घालून, छाती काढून उभा राहिला आणि फुगा दाबणार तोच पाठीमागनं हाक आली.

"रघूआण्णा, जरा सरा की कडंला! बैल बुजायलाय तुमच्या कोटाला."

रघुवीर जागच्या जागी थिजला. कंग्राळीचा भावकू! घाटानं कांदा-बटाटा घेऊन गोव्याला येणारा गाडीवाला.

"नो, नो! मी तो न्हवे!"

"बरं, नसा. पर घरला सगळी खुशाल हाईत, एवढं सांगून ठेवतो."

रघुवीरनं त्याचे हातच धरले. "भावकू, पाया पडतो तुझ्या. आप्पांना सांगू नकोस!"

"आता काय सांगायचं राह्यलंय? त्यास्नी ठावं हाय की!" भावकूनं पानाची पिंक टाकली. "पावसाळ्याच्या आदी भाजी द्याया गेलतो. मास्तरांनी हौसंनं त्या कालेजाचा फोटो दावला. बघ भावकू, आमचा रघू विलायतेत! बघतोय तर काय, कडंला माझा ढवळ्या! म्या म्हटलं, मास्तर, ह्यो माझा बैल. शिंगाची पितळी शेंबी म्या सोता बसवलीया."

"मग? आप्पा काय म्हणाले?"

"चष्मा पुसला, फोटो पुन्यांदा बघितला. मग म्हणाले, भावकू, विलायतेतबी बैल असत्यात. म्या म्हटलं, असतील, पर शेंबी? तर म्हणाले, शेंब्याबी असत्यात! आन् हे कुणाजवळ बोलायचं न्हाय."

"का?"

"का म्हंजे? बेबीताईचं लगीन ठरलंय न्हवं निपाणीला! तंबाखूच्या वखारवाल्याचं घर. पोरीचा भाऊ विलायतेत हाय म्हणून तर आलं ते दाराला!"

वर्षभर आपण भर उन्हात लोकर पांघरून दात वाजवतोय, आणि घरी सगळं ठाऊक! सख्ख्या बहिणीचं लग्न ठरलं, तेही आपल्याला बाजारात, बैलाच्या तोंडासमोर कळावं? राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे बेबीला बघावंसं वाटलं. त्यानं तिकाटणं मिटलं आणि भावकूच्या रिकाम्या गाडीत जाऊन बसला. झालं ते झालं, खरं सांगून मोकळं व्हायचं!

अनगोळात पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. दार आईनं, म्हणजे अक्काताईंनी उघडलं. त्यांनी त्याला बघितलं आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला, मग दंडाला धरून आत ओढलं. भिंतीवर सगळी विलायत चौकटीत घालून टांगलेली, प्रत्येक फोटोखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात नाव. हरिभाऊ आतनं आले. कधी आलास नाही, कसा आहेस नाही.

"तू कशाला आलास?"

"आप्पा, मी खोटं बोललो."

"माहीत आहे. हळू बोल, शेजारी ऐकतील."

"आता सगळ्यांना खरं सांगून टाकतो."

"कुणाला सांगतोस? निपाणीच्या गोपाळरावांना? तुमच्या सुनेचा भाऊ गोव्यात बैलाशेजारी उभा राहायलाय म्हणून?" मास्तरांनी पुढं होऊन खिडकी लावून घेतली. "ठरलेलं लग्न मोडलं तर त्या पोरीला पुन्हा कोण बघायला येणार रं? आयुष्यात मी कधी खोटं बोललो नव्हतो. तुझ्या त्या बैलापायी बोललो. खोटं तू सुरू केलंस ना? मग आता अर्ध्यावर टाकून पळायचं नाही!"

"आणि लग्नाला मी?"

"तू विलायतेत आहेस. वर्षभरानं नापास होऊन ये. नापास झालेल्याला लोक विसरतात."

बेबी तेव्हा मामाकडं केळवणाला गेलेली. तिची रिकामी खुर्ची बघून रघुवीरला उमाळा आवरेना. अक्काताईंनीही पदर डोळ्यांना लावला, पण बाई धोरणी. नाक पुसून म्हणाल्या, "लग्नात फोटो काढायला कुणीतरी लागणारच की हो. दाढी वाढलीय ह्याची. त्यात ते काळं फडकं डोक्यावर. फोटोवाला म्हणून तरी येऊ दे त्याला!"

मास्तर बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. "यायचं, पण तोंड उघडायचं नाही. आणि बेबीला पत्ता लागता कामा नये. तिच्या पोटात काही राहत नाही."

लग्न निपाणीत, वखारीच्या आवारात लागलं. हवेत तंबाखू अशी की वऱ्हाड अक्षता टाकतंय का शिंकतंय, कळेना! रघुवीर फडक्याखाली शिरला आणि त्यानं अशी शिंक दिली की तिकाटणं हाललं. मालुआत्यांनी कान टवकारले.

"अगोबाई, अगदी आमच्या रघूवाणी शिंकतोय हो हा!"

"गोव्याचा ख्रिस्तांव आहे तो," मास्तर पापणीही न हलवता म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनाही हात बसला होता!

बसला खरा, पण त्याचं फळ रघुवीरच्या पानात पडलं. ख्रिस्तांव म्हटल्यावर मांडवात पंगतीला कसा बसवणार? फोटोवाल्याचं पान बाहेर, वखारीच्या पायरीवर. वाढप्यानं जिलबी वरनं टाकली, ती अर्धी पानात, अर्धी मातीत. आत बहिणीच्या लग्नाची पंगत उठत होती, आणि हा एकुलता एक भाऊ पायरीवर बसून जिलबीची माती झटकत होता. कानपिळीची वेळ आली. "मुलीचा भाऊ कुठाय?" म्हणून पुकारा झाला. चुलत्याचा शामू धावला, त्यानं नवऱ्याचा कान पिळला, फेटा उकळला, आणि मांडव हसला. कान पिळतानाचा फोटो रघुवीरनं काढला. काय करणार, कामच ते!

शेवटी दोन्ही घरांचा एकत्र फोटो. गोपाळराव पुढं होऊन गरजले, "मुलीचे बंधू पायजेतच फोटोत! बारिष्टरसाहेबांची तसबीर आणा." तसबीर त्यांनी मुद्दाम मागवून घेतली होती. मास्तरांनी ती मांडीवर घेतली. रघुवीरनं फडकं ओढलं. कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात. आप्पा उलटे, आई उलटी, आईच्या शेजारी हिरव्या चुड्यातली बेबी उलटी, आणि मधोमध ओव्हरकोट घालून तो स्वतः.

दिवसभर त्यानं खुणांवर भागवलं होतं. पण एवढी दाटी झाल्यावर खुणा कोण बघतो? पोरं नाचत होती, म्हातारे एकमेकांना ढकलत होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "इकडं बघा सगळ्यांनी! हलू नका!"

बेबीनं झटक्यात मान वर केली. काचेवर तिचे डोळे थेट त्याच्यावर रोखलेले. ओठ हलले.

"दा..."

अक्काताईंनी तिचा हात दाबला. मास्तरांनी तसबीर मांडीवर घट्ट धरली.

"ओ फोटोवाले!" गोपाळराव करवादले. "सांगा की तिला मान खाली घालायला! नवी नवरी अशी टक लावून बघते व्हय?"

फडकं फेकून द्यावं, दोन ढांगांत तिच्यापाशी जावं, डोक्यावर हात ठेवावा, असं फार फार वाटलं रघुवीरला. दोन ढांगांवर तर होती ती!

"बाई," तो फडक्याखालून म्हणाला, "मान खाली घाला. हलू नका, फोटो बिघडेल."

बेबी क्षणभर तशीच बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. टपटप पाणी तिच्या शालूवर पडलं. "माहेर सुटतंय ना," वरमाय कौतुकानं म्हणाली. रघुवीरनं प्लेट सरकवली आणि फुगा दाबला.

माणसं पांगली. गोपाळराव खुशीत त्याच्यापाशी आले, पाठीवर थाप टाकली.

"झकास काढा हं! आणि एक प्रत बारिष्टरसाहेबांना विलायतेला धाडायची, पत्ता मास्तर देतील. सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि बिचाऱ्याच्या नशिबात बघायचंसुद्धा नाही!"

"धाडतो," रघुवीर म्हणाला, आणि तिकाटणं आवरायला लागला.