मनोऱ्याची काच

"आज दुपारी इंजिनीयरबाई येतील ना, त्यांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही," किल्लीदारांनी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं. गालांवर फेस, गळ्याशी वस्तरा, तरी जीभ मोकाट! पण मनोऱ्याचा विषय निघाला की किल्लीदारांना वस्तराच काय, तोफही दिसत नसे.

गाव मुठीएवढं. पाहण्यासारख्या जुन्या वास्तू तीन: ओढ्यावरचा दगडी पूल, धान्याचं कोठार आणि भर चौकातला घड्याळाचा मनोरा. पुलाला दार नाही, कोठाराला छप्पर उरलेलं नाही. म्हणजे किल्ली काय ती एकट्या मनोऱ्याची, आणि ती वडिलांच्या माघारी किल्लीदारांच्या कमरेला आलेली. पगार नाही, हुद्दा नाही. पण चालताना ती मांडीवर आपटली की त्यांची छाती पारव्यासारखी फुगे. न्हाव्याचा त्या किल्लीवर कधीपासून डोळा होता. आणि इंजिनीयरबाईंनी मागच्या खेपेला बजावलं होतं, की यापुढे हयगय दिसली तर किल्ली दुसऱ्याच्या हाती देईन.

मनोऱ्याच्या आतल्या भिंतीला एक भेग होती. तिच्यावर बाईंनी काचेची पातळ पट्टी आडवी बसवून दिली होती. भेग रुंदावली तर काच तडकणार. म्हणजे काच ही मनोऱ्याची नाडीच. ती फुटलेली दिसली की आधी भोवतालची घरं रिकामी करा, मग मला कळवा, असं बाईंनी चौकात उभं राहून सगळ्यांना समजावलं होतं. काचेला हात लावू नका, हे मात्र सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. भल्या माणसाला दुसऱ्याच्या बुद्धीची खोली कुठून कळावी!

दाढी आटोपून किल्लीदारांनी मनोरा झाडला, जळमटं काढली. मागे सरून समाधानाने पाहतात तो काय, पारव्याने नेमका काचेवरच प्रसाद टाकलेला! ओलं फडकं घेतलं. डाग वाळलेला, निघेना. मग अंगठा रोवून जरा जोर लावला.

कट्.

आवाज केवढा? बोटं मोडावीत तेवढा. पण काच मधोमध तडकली. बाई येतील तेव्हा आपणही जरा नजरेत भरावं म्हणून न्हावी तेवढ्यातच दारात आला होता. त्याने फुटकी काच पाहिली, वर छताकडे पाहिलं, आणि पायात चपला आहेत की नाहीत हे न बघता पळत सुटला. चौकातून ओरडत गेला तो एवढंच, की काच गेली, मनोरा निघाला.

मग जी धांदल उडाली, ती देवानेच पाहावी! घराघरांतून गाद्या, पातेली, कोंबड्या, कपाटं बाहेर पडू लागली. न्हावी आपला मोठा आरसा छातीशी धरून पळत होता आणि मधूनमधून त्यातच मागचा मनोरा बघत होता. किल्लीदार फडकं हातात घेऊन दारात थिजले. बोलायची गरजच काय? काच आपोआप फुटली म्हटलं की दोष नाही, किल्ली शाबूत. मनाने असा सौदा जवळजवळ पटवलाच होता. इतक्यात समोरच्या शिवणवाल्या वहिनी आणि त्यांचा नवरा म्हाताऱ्या सासऱ्यांना खाटेसकट बाहेर काढू लागले. म्हातारा हात जोडून थरथरत देवाचं नाव घेत होता. ते पाहून किल्लीदारांच्या काळजाचं पाणी झालं. किल्ली जाते तर जावो!

"थांबा," ते म्हणाले. "मनोऱ्याला काही झालेलं नाही. काच माझ्या फडक्याने फुटली."

मग वहिनींनी पदराने डोळे टिपले. "बघा हो, आपण घाबरू नये म्हणून बिचारे स्वतःवर घेताहेत."

न्हावीही गहिवरला. म्हणाला, "फडक्याने कधी काच फुटते का, दादा? कापड आहे ते."

किल्लीदारांनी फडकं दाखवलं, अंगठा दाखवला, शपथा घेतल्या. जितकं सांगावं तितके लोक हळहळत आणि तितक्याच घाईने कपाटं ओढत. शेवटी त्यांनी बायकोला बाजूला घेऊन गयावया केली, की निदान तू तरी ऐक.

"अहो, घरात कधी एक पेला विसळला नाहीत," ती म्हणाली, "आणि तिथे काच पुसत होतात? मला नका सांगू."

हा घाव वर्मी बसला. एवढ्या सगळ्यांना जे पटत नाही, ते आपल्यालाच कसं पटलं? अंगठा टेकायला आणि मनोरा हलायला एकच गाठ पडली असेल तर? किल्लीदारांनी भीत भीत मान वर केली. मनोऱ्याच्या टोकामागून ढग सरकत होते. ढग मागे जाताहेत, की टोक पुढे येतंय? टोकच पुढे येतंय! सबंध मनोरा, दगड, घड्याळ, पारव्यांसकट त्यांच्याच अंगावर निघालेला! कसली किल्ली नि कसलं काय! किल्लीदार म्हाताऱ्याच्या खाटेलाही मागे टाकून पुलापर्यंत पोचले.

इंजिनीयरबाई आल्या तेव्हा अख्खं गाव ओढ्यापलीकडे उभं होतं. त्या एकट्याच मनोऱ्यात शिरल्या. बऱ्याच वेळाने हातात काचेचा तुकडा घेऊन त्या पुलावर आल्या. भेग होती तेवढीच आहे, केसभरही हललेली नाही, असं म्हणून त्यांनी तुकडा उजेडात धरला.

"हा अंगठा कुणाचा?"

किल्लीदारांनी अंगठा पुढे केला, आणि त्याच हाताने कमरेची किल्ली सोडून त्यांच्यापुढे धरली. डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी किल्ली घेतली आणि ती कोण सांभाळेल, असं गावाला विचारलं. न्हाव्याचे दोन्ही हात ताबडतोब पाठीमागे गेले. दुकान सोडून कसं जमायचं, तो पुटपुटला. वहिनींना शिवणाची घाई आठवली. ज्याच्या त्याच्या पुढे गेलेली ती किल्ली, विस्तव असावा तशी पुढे ढकलली जात पुन्हा किल्लीदारांच्याच तळहातावर आली.

"मग तुमच्याकडेच राहू दे," बाई म्हणाल्या. "पुसण्याआधी विचारत चला म्हणजे झालं. चला आत, नवी काच बसवू. चुन्याचा मसाला वाळून धरेपर्यंत तुम्ही ती भिंतीशी नीट धरून ठेवा."

किल्लीदार कृतार्थ झाले. छाती फुगवून बाईंच्या मागोमाग चौकात गेले, ऐटीत दारापर्यंत पोचले, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तिथेच खिळले.

"बाई," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "इथूनच धरली तर चालेल का?"