उजवा कुणाचा?

व्यंकटभाऊ 'नमस्कार' म्हणत नाहीत. थंडी पडल्यापासून ते समोर उभे राहतात, स्वेटरच्या बाह्या वर सारतात आणि दोन्ही मनगटं आपल्या नाकाखाली धरतात. "घाई न्हाई. नीट हुंगा. डावा का उजवा?"

भाऊ मूळचे लातूरचे. ताथवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, चाकणला आमच्याच कंपनीत असतात. दोन मनगटांवर दोन अंबर अत्तरं. दोन्ही घट्ट, उबदार. एक काकवीसारखं गोड, दुसऱ्याला लोबानाच्या धुराची झाक. बसचा ड्रायव्हर, वॉचमन, सगळ्यांना हुंगवून झालं. जितकी नाकं तितकी मतं. कँटीनच्या मावशी म्हणाल्या, "आधी हात धुवा, मग जेवा."

मला अत्तरातलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच मी डोळे मिटून, दर्दी माणसासारखी मान डोलावून निकाल दिला, "उजवा!"

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर भाऊ धुराचा लोट घेऊनच आले.

"अहो, हे नव्हे!"

"तुमीच म्हनलाव की, उजवा."

"माझा उजवा! म्हणजे तुमचा डावा. तो गोड!"

भाऊ हातांकडे बघत राहिले. "मग हे आता कोनतं हाय?"

"भाऊ, धूर आणि काकवी कळत नाही तुम्हाला?"

"न्हाई." ते खाली बघून हसले. "कंपनीच्या पेंट शॉपात, रंगाच्या वाफेत जल्म गेला. नाक कवाच रिटायर झालं."

"मग हा खटाटोप कशाला?"

"मागल्या हिवाळ्यात बायकोनं आनलं होतं. लई आवडायचं तिला. बाटली माझ्या हातनं फुटली. दुकानदार म्हनला, ह्या दोनातलंच एक. आईच्या दुखण्यापायी ती पावसाळ्यापासून माहेरी. आज येलालीय."

"फोन करून विचारा की."

"फुटल्याचं सांगितलंच न्हाई, राव."

"पण तुम्हाला तर वासच येत नाही."

"नाक माझं गेलंय. तिचं हाय की."

संध्याकाळी दोघं सोसायटीच्या फाटकात रिक्षातून उतरली. मला बघून भाऊंनी घाबरेघुबरे होऊन दोन्ही मनगटं दाखवली. एकावर एक अत्तर, दुसऱ्यावर दुसरं, कालच्यासारखंच. वहिनींनी एक मनगट हुंगलं, नाक मुरडलं. दुसरं हुंगलं आणि तोच हात धरून चालू लागल्या.

उजवा. भाऊंचा उजवा. मी मुद्दाम त्यांच्या मागे उभं राहून पडताळून पाहिलं.