लांब बरं, आखूड बरं

या मंडळी, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. एका घरात फ्रीज कसा आला, त्याची ही कथा. हसू आलं तर पोटभर हसा, पण मन मात्र त्या घरच्या सुनेपाशी ठेवा. कथा तिची आहे.

तर त्या घरातला जुना फ्रीज एका सकाळी खोकला, थरथरला आणि गप्प झाला. दुपारी त्याच्या पोटातलं दूध नासलं, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "गेला बिचारा. खूप केलं त्याने आपलं. आता नवा आणायचा. आणि या खेपेला तो सूनबाई निवडेल."

सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. कारण त्या घरात आजवर जे जे आलं ते सासूबाईंनी निवडलेलं. पडदे त्यांनी निवडले, पंखे त्यांनी निवडले, भिंतींचा रंग त्यांचा, आणि सून म्हणाल तर तीसुद्धा त्यांनीच निवडलेली. माऊलीचा जीव मोठा, हात सढळ, पण निवड म्हटली की ती त्यांची. सुनेने त्या घरात साधी चहाची गाळणी कधी आपल्या मनाने आणली नव्हती.

"मी?" सून म्हणाली.

"तूच. त्याचं दार दिवसभर तुलाच उघडायचंय ना? मी दुकानात येईन, पण मध्ये बोलणार नाही. विचारलंसच तर नुसतं 'बरं' म्हणेन."

आणि इथेच घोळाचं बी पडलं. देव एक आणि त्याची रूपं अनंत, तसं सासूबाईंचं 'बरं'. आखूड, सुरीने कापल्यासारखं 'बरं' आलं की तो होकार. त्यावर वर अपील नाही. तेच लांबलं, 'बऽऽरं' झालं, की समजायचं, 'कर बाई तुला काय करायचं ते, मला पसंत नाही.' आणि जोडीने 'बरं बरं' आलं तर समोरच्याने खोली सोडायची. त्यांच्या पोटच्या मुलाला यातलं काही कळत नसे. सुनेचा कान मात्र असा तयार झाला होता, की शेजारच्या खोलीतून आलेल्या 'बरं'ची लांबी ती भांडी घासता घासता ओळखायची.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळीच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन नवी कवळी बसवून आल्या आणि मग सासू, सासरे, नवरा आणि सून अशी चौघं दुकानात गेली.

काय सांगू ते दुकान! काचेचं दार सरकलं आणि आतून गार हवेचा झोत आला. समोर फ्रीजच्या रांगाच्या रांगा. पांढरे, करडे, लाल, कुणी माणसाएवढे, कुणी दोन माणसांएवढे, सगळे अगदी ताठ उभे. सासऱ्यांनी नकळत चपला बाहेर काढल्या.

"आजोबा, चपला चालतात आत," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"तुम्हाला चालत असतील," सासरे म्हणाले आणि अनवाणीच पुढे झाले.

सून मात्र तिसऱ्या रांगेत थबकली. तिथे एक निळा फ्रीज उभा होता. निळा म्हणजे कसा, तर दिवस मावळून गेल्यावर आणि चांदण्या उगवण्याआधी आभाळ घटकाभर होतं, तसा. टायवाल्याने दार उघडलं. कुठून आला कळू नये असा मऊ उजेड आतून बाहेर आला आणि तिच्या हातांवर, बांगड्यांवर पसरला. आवाज नाही, घरघर नाही. सून बघतच राहिली. आपल्या घरात, रोज सकाळी, झोपेतून उठून केस बांधत आपण हे दार उघडायचं?

"मॅडम, आवडला का?"

आवडला का! पण सवय वाईट. तिची मान आपोआप वळली. "आई, हा कसा वाटतो?"

सासूबाईंनी फ्रीजकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बऽऽरं."

लांब. चांगलं हातभर लांब. सुनेच्या डोळ्यांतला उजेड मालवला. तिने दार हलकेच लावलं.

मग करडा पाहिला. "बऽऽरं." लाल पाहिला. "बऽऽरं." एक तर दारातून पाणी देणारा होता. सासऱ्यांनी तीन पेले पिऊन पाहिले. त्यालाही "बऽऽरं"च. नवरा तेवढ्यात म्हणाला, "आईला सगळेच आवडलेले दिसतायत."

"तुम्ही गप्प बसा हो," सून पुटपुटली. "एकही आवडलेला नाही."

टायवाल्याने सगळ्यांना टॉफ्या वाटल्या. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर टॉफी चघळत बसल्या. सून हताश होऊन त्यांच्याजवळ आली आणि तिथल्याच एका उंच फ्रीजला हात टेकून उभी राहिली. तेवढ्यात मागून खणखणीत ऐकू आलं, "बरं."

आखूड! सून दचकली. आपला हात कशावर आहे ते तिने पाहिलं. तो दुकानदारांचा फ्रीज होता. थंड बाटल्या मांडून ठेवायला असतो ना, काचेच्या दाराचा, तो.

"अहो, हा घ्यायचा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"हा? याला काचेचं दार आहे."

"दिसतंय मला."

"याच्यात बर्फ होत नाही."

"अहो, बरं आखूड आलंय!"

नवऱ्याने पाकीट काढलं. टायवाल्याने एकदा फ्रीजकडे, एकदा सुनेकडे पाहून पावती फाडली.

दुपारी दोन हमाल, एक जाडा आणि एक काटकुळा, तो फ्रीज पाठीवर घेऊन जिना चढले. लिफ्ट बंद होती. दारात जाड्याने घाम पुसत विचारलं, "दुकान कुठल्या खोलीत टाकलंय, ताई?"

फ्रीज सुरू झाला आणि स्वयंपाकघर लख्ख उजळलं. आतला दिवा विझेचना. काल कुणी किती भात उरवला ते सोफ्यावरून दिसायला लागलं. अर्धं लिंबू मधल्या फळीवर एकटंच असं बसलं होतं, जणू त्याचा सत्कार आहे. सासरे खुर्ची ओढून समोर बसले आणि हात जोडल्यासारखे गुडघ्यांत धरून म्हणाले, "काय तेज आहे!"

सून भाजी चिरत होती आणि डोळे पुसत होती. कांदा अजून चिरायला घेतला नव्हता. सासूबाई तिच्याकडे बघत, ओठ घट्ट मिटून येरझाऱ्या घालत होत्या.

संध्याकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका उभे. "खिडकीतून उजेड दिसला. थंड बाटली मिळेल का? दोन द्या."

एवढं झालं आणि सासूबाईंचा बांध फुटला. "अगं बाई, तुझी निवड म्हणून सकाळपासून तोंड शिवून बसले! पण काय बघून घेतलास हा?"

सुरी सुनेच्या हातातच राहिली. "मी? तुम्हीच म्हणालात ना, बरं! आखूड!"

"कधी?"

"खुर्चीवर बसला होतात तेव्हा!"

"तो टायवाला मला पाणी देऊ का विचारत होता!"

"आणि निळ्याला लांब म्हणालात…"

"लांब?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "ती मेली नवी कवळी! तोंड उघडलं की सुटते. ती वर सरकवून धरेपर्यंत बरं लांबायचं. त्या टॉफीने चिकटवली तेव्हा कुठे नीट आखूड आलं! अगं, निळ्यापुढे तुझा चेहरा बघितला आणि मलाच भरून आलं होतं. म्हटलं, झालं, हिने निवडला."

काका दारातच उभे होते. "मग बाटली?"

"नाही मिळणार!" दोघी एकदम म्हणाल्या.

काका गेले. सासूबाई म्हणाल्या, "बोल आता. काय करायचं?"

सुनेने, सवयीने, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे बघू नकोस!" असं म्हणून सासूबाईंनी कवळी काढली, वाटीत ठेवली आणि वाटीवर झाकण घातलं. तोंडाचं पार बोळकं झालं. आता त्या चेहऱ्यावरून होकार कळेना की नकार. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. सासरे लिंबाकडे.

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाचायला कुणाचा चेहरा उरला नाही. तिने फोन उचलला आणि दुकानाचा नंबर लावला.

"हा काचेचा परत न्या. त्याच्याऐवजी तिसऱ्या रांगेतला निळा पाठवा."

"मॅडम," टायवाला काकुळतीला आला, "पुन्हा बदल नको हं. एकदा घरी विचारून घ्या ना."

"विचारलं."

"कुणाला?"

"मला," सून म्हणाली.

झाली बघा कथा. आता उठताना एवढंच करा. घरी गेल्यावर फ्रीजमधलं गार पाणी प्याल, तेव्हा त्या दोन हमालांची आठवण ठेवा, जाड्याची आणि काटकुळ्याची. सुनेला तिच्या मनातलं सापडेपर्यंत त्यांनी एक फ्रीज वर चढवला, खाली उतरवला आणि दुसरा पुन्हा वर चढवला. आणि लिफ्ट, देवाशपथ, शेवटपर्यंत बंदच होती.