विषाणूचं बारसं

एका जंगलात, बाळांनो, पहिली शिंक आली ती अस्वलाला. दुसरी माकडाला. पुढच्या कोणी मोजल्या नाहीत, कारण मोजणाराच शिंकत सुटला होता.

त्या जंगलाची वैद्यीण होती साळूबाई साळिंदर. हुशार, तोंडाने फटकळ, आणि अंगभर काटे असल्यामुळे गर्दीचा मुळीच सोस नसलेली. तिच्या बिळात तिचे म्हातारे वडील राहत. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांची छाती आधीच भात्यासारखी वाजायची. ही साथ आबांना गाठणार आणि घेऊन जाणार, या धास्तीने साळूबाईचा जीव अर्धा झाला होता. तिने बिळाच्या तोंडाशी धोंडा लावला. स्वतः बाहेर झोपू लागली. आबांना कंदमुळं ती फटीतून द्यायची.

मग ती वाघोजीराजांच्या दरबारात गेली.

"महाराज, हा विषाणू म्हणजे गचाळ नकलनवीस आहे," ती म्हणाली. "नाकात शिरला की घाईघाईने स्वतःच्या हजारो नकला काढतो. घाईत चुका करतो. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी अशी जमते, की नवा अवतार जुन्यापेक्षा चटकन चिकटतो. आत्ता तसाच एक आलाय. त्याला नवी नाकंच मिळू देऊ नका. चौदा दिवस सगळ्यांनी घरात बसा!"

"बसू की," राजे म्हणाले. "पण त्या नव्या अवताराचं नाव काय?"

"नाव अजून नाही ठेवलं."

दरबार हळहळला. हत्तीणकाकूंनी तर डोळे पुसले. कोल्हे चिटणीस ताडकन उठले.

"महाराज, आपल्या जंगलात जन्मलेला कोणी आजवर बिनबारशाचा राहिलेला नाही!"

झालं! वडाला पाळणा टांगला. विषाणू दिसत नव्हता, तेव्हा पाळण्यात काय ठेवायचं यावर वाद झाला. शेवटी अस्वलाचा रुमाल ठेवला. आता नाव सांगायचं कुणाच्या कानात? विषाणूचा कान कुणाला सापडेना. मग ठरलं, प्रत्येकाने शेजाऱ्याच्याच कानात सांगायचं. सगळं जंगल एकमेकांना बिलगलं आणि एकसुरात ओरडलं, "कुर्रर्र!" वर एकाच पत्रावळीतून घुगऱ्या खाल्ल्या.

विषाणूला एवढी नाकं जन्मात मिळाली नव्हती. त्याने नकलांचा धडाका लावला. आठवड्यात दुसरा अवतार आला. पुन्हा पाळणा, पुन्हा कुर्रर्र, पुन्हा घुगऱ्या. ससे तर आता नव्या अवताराची वाट पाहू लागले!

साळूबाई घसा सुकेपर्यंत ओरडली. "अहो, बारशालाच तो बदलतोय! बारसं थांबवा!"

तिसरा अवतार तिनेच आधी ओळखला. ती तणतणत दरबारात सांगायला गेली, तर कोल्हे चिटणीस हात जोडून उभे.

"बाई, शोध तुमचा. या अवताराचं नाव 'साळू' ठेवायचं ठरलंय. आत्याचा मानही तुमचाच."

साळूबाईचे उभे काटे खाली बसले. एवढी वर्षं जंगलाच्या नाड्या पाहिल्या, पण कुणी साधी ओटीसुद्धा भरली नव्हती.

"फार वेळ नाही थांबणार हं मी," ती म्हणाली.

ती गेली. नटून गेली. पाळण्याला पहिला झोका तिने दिला. हत्तीणकाकूंच्या कानाला तोंड लावून स्वतःचं नाव सांगितलं. कुर्रर्र झालं, आणि काट्यांची पर्वा न करता बायकांनी तिच्या पाठीत धपाटेही घातले. साळूबाई हरखून गेली. त्याच भरात घरी येऊन तिने धोंडा बाजूला सारला आणि थेट आबांच्या कुशीत शिरली.

"आबा, माझं नाव ठेवलं!"

"गुणाची माझी पोर!" आबांनी तिचा मुका घेतला.

तिसऱ्या दिवशी आबा शिंकले. पाचव्या दिवशी त्यांना श्वास पुरेना. साळूबाईने धावत जाऊन राजांकडे औषधी आणायला मदत मागितली. मदत लगेच आली. पुढे कोल्हे चिटणीस होते. मागे पाळणा होता.

"अभिनंदन, बाई!" ते म्हणाले. "हा चौथा दिसतोय. याला आबांचं नाव देऊ."

तात्पर्य: साथ काय, येते नि जाते. पण तिचं बारसं कसं थाटात व्हायला हवं, म्हणजे माणूस गेला तरी त्याचं नाव घरोघरी पोचतं.