ओठांवर आलेला गुडघा

स्टुडिओच्या मालकांनी, ग्रूबरसाहेबांनी, नाचणाऱ्या दोघांनाही बोलावलंय आणि साहेबांच्या आईनं काल नाचाची रिळं पाहिली, असा सकाळीच निरोप आला, तेव्हा नोरीन कीगनला वाटलं, आपलं बिंग फुटलं. म्हातारी ठार बहिरी होती. पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या हॉलिवूडमध्ये कोणी नव्हतं.

नाचाचं चित्रण चालू असताना गाणं रेकॉर्डवर वाजतं, कोणाचा आवाज टिपत नाहीत. त्यामुळे हसऱ्या तोंडानं मनाला येईल ते बोलायची नाचणाऱ्यांना खोड असते. नोरीन आणि वेंडेल हार्पर नऊ चित्रपट असेच बोलत आले होते. लोकांना पडद्यावर प्रेम दिसायचं, तेव्हा ती म्हणत असायची, 'पाय आहे की नांगर?' दोन महिन्यांपूर्वी मात्र वेंडेलचा डावा गुडघा कामातून गेला. स्टुडिओला कळलं असतं तर त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा नट आला असता. म्हणून प्रत्येक गिरकीला ती पुटपुटायची, 'भार माझ्यावर टाक.' आणि नेमकी मंगळवारी दिग्दर्शकाला कॅमेरा तिच्या तोंडाजवळ आणायची बुद्धी झाली.

वेंडेल कठडा धरून जिना चढत होता. "त्या शॉटमध्ये काय काय बोललीस?"

"तुझ्या गुडघ्याची अख्खी कुंडली मांडली."

"नाव घेतलंस?"

"दोनदा."

वेंडेल आणखी दोन पायऱ्या चढला. मग म्हणाला, "सगळं माझ्यावर ढकल. तू नव्याबरोबर नाच."

"गुमान चढ. माझे पाय तुझ्याकडूनच तुडवून घ्यायची सवय झालीय."

खोलीत म्हातारी कोपऱ्यात विणत बसली होती. साहेब खुर्चीतून उठले.

"तुमचं बोलणं आईनं वाचलं."

वेंडेलनं सवयीनं सगळा भार तिच्यावर टाकला.

"म्हणते, इतकं प्रेमाचं बोलणं तिनं जन्मात पाहिलं नाही. काय ते विचारलं तर सांगत नाही." साहेब खुशीत खिडकीकडे वळले. "पुढच्या चित्रपटातही तुम्हीच. ऐंशी पायऱ्यांच्या जिन्यावर नाच ठेवतोय."

नोरीननं घाबरून म्हातारीकडे पाहिलं. लेकाची पाठ आहे याची खात्री करून म्हातारीनं सुया खाली ठेवल्या आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. नऊ चित्रपटांच्या सवयीनं नोरीनला शब्द न् शब्द कळला.

'त्याला मिठाच्या पाण्याचा शेक दे. जिन्याचं मी बघते.'