मानेकाकांचा नारू

सीलबंद बाटलीतलं पाणी फडक्यानं गाळून पिणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. सौदीतल्या खमीस मुशैतला सहा वर्षं एका खोलीत काढलीत त्याच्याबरोबर. मानेकाका मूळचे जतचे, आमच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. मी एसी मेकॅनिक. पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा नारू देशातून केव्हाच गेला, पण काकांच्या डोक्यातून काही हलेना!

आधी ते सुदानमध्ये नारू निर्मूलनात होते. गावोगाव गाळण्या वाटायच्या, फोड आलेल्याला तळ्यात उतरू द्यायचं नाही. आता सुट्टी मिळाली की आम्ही सगळे घरी पळतो, आणि हे पठ्ठे आफ्रिकेत गाळण्या वाटायला. "काका, या नादात लग्न राहिलं की तुमचं," मी चिडवायचो. "राहू दे. आधी तो जंत संपू दे," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात इद्रीस आला. मेंढपाळ, वर्षापूर्वी चाडला घरी जाऊन आलेला. घोट्यावर फोड आणि त्यातून डोकावणारा पांढरा दोरा. काकांचा चेहरा असा खुलला की मलाच लाज वाटली. डॉक्टरांनी केस त्यांच्यावरच सोपवली. रोज पाय बादलीत बुडवायचा, नारू बोटभर बाहेर आला की काडीवर गुंडाळायचा आणि थांबायचं. बादलीतलं पाणी लांब वाळूत ओतायलाही काका स्वतः जायचे.

बाराव्या दिवशी इद्रीसचा कफील, म्हणजे त्याचा मालक, येऊन उभा राहिला. मेंढ्या खोळंबल्या होत्या. "यल्ला, ओढ आणि खलास कर!" घाबरून इद्रीसनं काडीला हात घातला. कधी आवाज न चढवणारे काका कडाडले, "हात लावून तर बघ!" तेही चक्क मराठीत. कफील मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी काका आपणहून बोलले. "आठ वर्षांचा होतो. आक्काच्या पायातला नारू मीच ओढला रे. लवकर बरी होईल म्हणून. आत तुटला. पाय आखडला तो कायमचा. तिच्यासमोर जायचं तोंड नाही मला." मी चहा केला.

विसाव्या दिवशी नारू अख्खा निघाला. काकांनी तिथूनच जतला फोन लावला.

"आक्का, त्या मेंढपाळाचा नारू निघाला गं. सगळाच्या सगळा."

"चालतोय व्हय त्यो आता?"

"चालतोय की."

"मग आता तरी घरी ये, बाळू. मी कवा रागावले हुते तुझ्यावर?"

काका ओक्साबोक्शी रडायला लागले. शेवटी मीच फोन घेतला आणि म्हणालो, "येतायत, आक्का. मी आणून सोडतो."